पॉलिसी टेम्प्लेटचे एरर कसे सोडवायचे : सोलापुरात ऑफिसचं नेटवर्क नव्याने हाती घेतलेल्यांसाठी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे सोलापुरातल्या बऱ्याच ऑफिसांत मशीन बदलायची गडबड सुरू झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, चिंचोळीतली युनिटं, नवी पेठेतली पेढ्यांची ऑफिसं, पतसंस्थांच्या शाखा, सगळीकडे विंडोज ११ आलं. नवी मशीन आली की कोणीतरी नवी पॉलिसी टेम्प्लेटं डाउनलोड करून सर्व्हरवर टाकतं. आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप पॉलिसीचा (सर्व्हरवरून सगळ्या मशीनांना नियम लावायची विंडोजची सोय) एडिटर उघडला की 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स' नावाची चौकट एकामागून एक उगवायला लागते. ओके दाबलं की पुढची, पुन्हा ओके, पुन्हा पुढची.

डिप्लोमा किंवा बीसीए करून पहिल्यांदाच 'सिस्टीम बघणारा' म्हणून लागलेल्या मुलामुलींना यात धडकी भरते. ऑफिसातल्या पन्नास मशीनांवर काहीतरी बिघडलं असं वाटतं, आणि त्या भीतीत नको ते डिलीट होतं. म्हणून आधीच सांगतो : बहुतेक वेळा मशीनांवर काहीही बिघडलेलं नसतं. बिघाड तुमच्या एडिटरच्या खिडकीपुरता असतो. तो शांतपणे सोडवता येतो, फक्त क्रम पाळावा लागतो.

टेम्प्लेट म्हणजे नेमकं काय

कारकून छापील फॉर्म भरून घेतो आणि त्यातली माहिती रजिस्टरला चढवतो. फॉर्मचा गठ्ठा उद्या फाटला, तर रजिस्टरातली नोंद पुसली जात नाही. टेम्प्लेट हा तो फॉर्म आहे. 'यूएसबी ड्राइव्ह बंद करा', 'दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक करा' असे पर्याय एडिटरमध्ये कोणत्या नावाने, कोणत्या फोल्डराखाली दिसावेत एवढंच ती फाइल सांगते. तुम्ही 'एनेबल्ड' निवडून ओके केलं की खरी सेटिंग त्या पॉलिसीच्या फोल्डरात 'रजिस्ट्री.पॉल' नावाच्या फाइलीत जाते. कर्मचाऱ्यांच्या मशीन ती रजिस्ट्री.पॉल वाचतात. टेम्प्लेट त्या कधी बघतही नाहीत.

हे एक नीट डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. टेम्प्लेट हरवलं, तुटलं, दोनदा आलं तरी आधी लावलेली पॉलिसी चालूच राहते.

सर्व्हर २००३ पर्यंत ही टेम्प्लेटं 'एडीएम' फाइलींत असायची आणि प्रत्येक पॉलिसीसोबत त्यांची वेगळी प्रत सर्व्हरवर साठायची. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून 'एडीएमएक्स' आलं. आता प्रत्येक टेम्प्लेट ही दोन फाइलींची जोडी असते. एडीएमएक्समध्ये सेटिंगचा सांगाडा असतो : रजिस्ट्रीची (विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं ती जागा) कोणती की, कोणती व्हॅल्यू. 'एडीएमएल'मध्ये स्क्रीनवर दिसणारा मजकूर असतो, म्हणून ती भाषेच्या फोल्डरात राहते. आपल्याकडे ते फोल्डर म्हणजे 'ईएन-यूएस'. तुमच्या मशीनची भाषा मराठी किंवा ब्रिटिश इंग्रजी ठेवलेली असली तरी त्या भाषेची एडीएमएल सापडली नाही की एडिटर ईएन-यूएसवर येतो. त्यामुळे ते फोल्डर कायम भरलेलं आणि नीट हवं. बाकी भाषांची फोल्डरं टेम्प्लेटच्या पॅकेजमध्ये भरपूर येतात. जर्मन आणि जपानी मजकूर सर्व्हरवर चढवायची काहीच गरज नाही.

ही जोडी दोन ठिकाणी असू शकते. एक, प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातलं 'पॉलिसीडेफिनिशन्स'. दुसरं, सर्व्हरवरच्या सिसव्हॉलमध्ये (सगळ्या मशीनांना वाचता येणारं सामायिक फोल्डर), डोमेनच्या (सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीनांचा गट) 'पॉलिसीज' फोल्डराखाली त्याच नावाचं फोल्डर. या दुसऱ्याला सेंट्रल स्टोअर म्हणतात. ते फोल्डर अस्तित्वात असलं की एडिटर फक्त तिथूनच वाचतो, स्थानिक फोल्डरकडे बघत नाही. पुढचे निम्मे घोटाळे याच एका नियमातून निघतात.

सुरुवात : एरर कोणाला दिसतोय?

अकाउंट्समधून फोन येतो, "अण्णा, मशीन काहीतरी पॉलिसीचं दाखवायलंय बघा." यात दोन अगदी वेगळे प्रकार असू शकतात आणि त्यांचा इलाजही वेगळा आहे.

चौकट तुम्ही स्वतः ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमध्ये पॉलिसी एडिट करायला गेल्यावर किंवा 'सेटिंग्ज' टॅब उघडल्यावर येत असेल, तर तो टेम्प्लेटचा एरर. कर्मचाऱ्याच्या मशीनवर जीपीअपडेट (पॉलिसी लगेच ताजी करायची कमांड) चालवल्यावर तांबडी ओळ येत असेल, लावलेली सेटिंग पोचत नसेल, तर टेम्प्लेटचा त्याच्याशी संबंध जवळजवळ नसतोच. तिथे डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा), घड्याळ, सिसव्हॉल किंवा परवानगी यांपैकी काहीतरी असतं. त्याकडे शेवटी येतो. टेम्प्लेटच्या फाइली बदलून मशीनवरचा प्रश्न सुटेल या आशेने दिवस घालवू नका.

काही करण्याआधी दोन प्रती

ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमध्ये 'ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट्स'वर राइट क्लिक करून 'बॅक अप ऑल' घ्या. पण लक्षात ठेवा, या बॅकअपमध्ये सेंट्रल स्टोअरच्या एडीएमएक्स फाइली येत नाहीत. त्या वेगळ्या कॉपी कराव्या लागतात. सिसव्हॉलमधलं अख्खं पॉलिसीडेफिनिशन्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर तारीख घालून ठेवा. दोन्ही प्रती झाल्याशिवाय एकाही फाइलीला हात लावू नका.

वेळही बघा. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची रिटर्नं भरायची धावपळ असते, त्या दिवसांत पॉलिसीत ढवळाढवळ करायची नाही. नुसत्या टेम्प्लेटने मशीनांना धक्का लागत नाही हे खरं. पण एडिटर उघडला की चुकून भलतीच सेटिंग बदलली जाऊ शकते, आणि त्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडमचं पोर्टल अडलं तर ते तुमच्याच नावावर जातं.

मेसेज पूर्ण वाचा

ओके दाबून चौकट घालवायची सवय सोडा. त्या चौकटीत चार गोष्टी असतात : काय चुकलं, कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत, कितव्या कॉलममध्ये. फाइलीचा मार्गही पूर्ण दिलेला असतो. त्यावरून एडिटर सेंट्रल स्टोअर वाचतोय की स्थानिक फोल्डर, हे तिथल्या तिथे कळतं. शिवाय एडिटरमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स' या नावासमोरच लिहिलेलं असतं की फाइली सेंट्रल स्टोअरमधून घेतल्या की या कॉम्प्युटरवरून. मोबाइलने प्रत्येक चौकटीचा फोटो काढा. तीन-चार चौकटी येत असतील तर क्रमही टिपून ठेवा.

आता एकेक प्रकार घेऊ.

सगळी टेम्प्लेटं गायब, फक्त क्रोम दिसतंय

नवख्यांकडून सर्वांत जास्त होणारा प्रकार. क्रोमवर काही साइट बंद करायच्या असतात. कुठेतरी वाचलेलं असतं की सिसव्हॉलमध्ये पॉलिसीडेफिनिशन्स नावाचं फोल्डर करून त्यात क्रोमचं टेम्प्लेट टाका. ते केलं जातं. त्या क्षणापासून सेंट्रल स्टोअर अस्तित्वात आलं, आणि एडिटरने स्थानिक फोल्डरकडे पाठ फिरवली. विंडोजची शेकडो सेटिंग्ज एडिटरमधून दिसेनाशी होतात. क्रोमचंही धड चालत नाही, कारण क्रोम.एडीएमएक्स ही स्वतः गूगल.एडीएमएक्स आणि विंडोज.एडीएमएक्स या दोन फाइलींवर अवलंबून आहे. फायरफॉक्सचं तसंच, त्याला मोझिला.एडीएमएक्स सोबत लागते.

इलाज सोपा आहे. एका अद्ययावत मशीनच्या विंडोज फोल्डरातलं पूर्ण पॉलिसीडेफिनिशन्स, ईएन-यूएससह, सेंट्रल स्टोअरमध्ये कॉपी करा. मग क्रोमची आणि गूगलची जोडी वर टाका. एडिटर बंद करून पुन्हा उघडा, कारण तो टेम्प्लेटं उघडतानाच वाचतो. चालू एडिटरमध्ये बदल दिसत नाही म्हणून लोक उगाच दुसरं काही करायला जातात.

टेम्प्लेटं आहेत पण एखादीच सेटिंग सापडत नाही, असं झालं तर आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सवर राइट क्लिक करून 'फिल्टर ऑन'वर खूण आहे का ते बघा. आधीच्या माणसाने लावलेला फिल्टर तसाच राहिलेला असू शकतो.

'रिसोर्स... कुड नॉट बी फाउंड'

मेसेज साधारण असा असतो : रिसोर्स, मग डॉलरचं चिन्ह आणि कंसात 'स्ट्रिंग.' करून एखादं नाव, रेफरन्स्ड इन अ‍ॅट्रिब्यूट डिस्प्लेनेम कुड नॉट बी फाउंड. याचा अर्थ, सांगाडा म्हणतोय की या नावाचा मजकूर दाखव आणि मजकुराच्या फाइलीत ते नावच नाही. म्हणजे एडीएमएक्स एका आवृत्तीची आणि एडीएमएल दुसऱ्या आवृत्तीची.

हा प्रकार एकदा हाताने तपासून बघाच, समज पक्की होते. सर्चओसीआरचं उदाहरण घेऊ, कारण ते बऱ्याच ऑफिसांत भेटतं. चौकट सांगते : रिसोर्स 'स्ट्रिंग.विन७ओन्ली' सापडत नाही, फाइल सर्चओसीआर.एडीएमएक्स, ओळ १२, कॉलम ६९. फाइलीची प्रत डेस्कटॉपवर घ्या, मूळ फाइल उघडू नका. प्रत नोटपॅडमध्ये उघडून बाराव्या ओळीवर जा. तिथे डिस्प्लेनेमपुढे अवतरणचिन्हांत तेच विन७ओन्ली लिहिलेलं दिसेल. आता ईएन-यूएसमधली सर्चओसीआर.एडीएमएल तशीच प्रत करून उघडा आणि कंट्रोल-एफने विन७ओन्ली शोधा. सापडत नाही. आजूबाजूला 'स्ट्रिंग आयडी' अशा ओळींची रांग आहे, त्यात बाकी नावं आहेत, एवढं एकच नाही. झालं, दुखणं सापडलं.

हे असं का होतं? सर्चओसीआरचं टेम्प्लेट विंडोजच्या 'टिफ आयफिल्टर' या ऐच्छिक फीचरसोबत येतं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीची टेम्प्लेटं चढवताना नवी एडीएमएल आली. एडीएमएक्स मात्र ते फीचर चालू नसलेल्या मशीनवर नव्हतीच, त्यामुळे स्टोअरमध्ये जुनीच राहिली. जोडी फुटली. इलाज म्हणजे नव्या आवृत्तीच्या एका मशीनवर विंडोज फीचर्समधून टिफ आयफिल्टर चालू करा, तिथल्या पॉलिसीडेफिनिशन्समधून एडीएमएक्स आणि एडीएमएल दोन्ही उचला आणि दोन्ही एकत्र सेंट्रल स्टोअरमध्ये टाका.

नेटवर याच एररला दुसरा उपाय सांगितलेला सापडेल : एडीएमएलमध्ये हरवलेली ओळ स्वतः टाइप करा. एरर जातो, खोटं नाही. पण हे मला पटत नाही. पुढच्या वेळी टेम्प्लेटं बदलली की तुमची ओळ उडते आणि तोच एरर परत येतो. तुमच्या जागी आलेल्या पुढच्या माणसाला ती ओळ कुठून आली हेही कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या फाइली हाताने बदलायच्या नाहीत, जोडी बदलायची.

'अ‍ॅन अ‍ॅप्रोप्रिएट रिसोर्स फाइल कुड नॉट बी फाउंड' हा याचाच सख्खा भाऊ. इथे एडीएमएल चुकीची नाही, मुळात तिथे नाहीच. एडीएमएक्स कॉपी केली आणि भाषेचं फोल्डर विसरलं, किंवा एडीएमएल ईएन-यूएसच्या आत न टाकता बाहेरच टाकली. फाइल जागेवर ठेवली की संपलं.

'नेमस्पेस... ऑलरेडी डिफाइंड'

प्रत्येक टेम्प्लेटला स्वतःचं एक नेमस्पेस, म्हणजे आतलं ओळखनाव, असतं, आणि एका स्टोअरमध्ये दोन फाइलींनी एकच नेमस्पेस सांगितलेलं एडिटरला चालत नाही. हा एरर विंडोजच्या नव्या टेम्प्लेटांत होतो तो नाव बदलल्यामुळे. विंडोज १० च्या पहिल्याच आवृत्तीत लोकेशनप्रोव्हायडरएडीएम.एडीएमएक्स या फाइलीचं नाव बदलून मायक्रोसॉफ्ट-विंडोज-जिओलोकेशन-डब्ल्यूएलपीएडीएम.एडीएमएक्स झालं. आतलं नेमस्पेस मात्र तेच राहिलं. नव्या फाइली जुन्यांवर कॉपी केल्या की त्याच नावाच्या फाइली बदलल्या जातात, पण नाव बदललेली जुनी फाइल तशीच मागे उरते. मग एकाच नेमस्पेसच्या दोन फाइली. विंडोज स्टोअरचंही असंच : सर्व्हर २०१२ आर२ च्या काळातली विनस्टोअरयूआय.एडीएमएक्स आणि विंडोज १० ची विंडोजस्टोअर.एडीएमएक्स शेजारीशेजारी राहिल्या की भांडतात.

जुनी एडीएमएक्स आणि तिची ईएन-यूएसमधली एडीएमएल, दोन्ही स्टोअरच्या बाहेर हलवा. थेट डिलीट करू नका, हलवा. म्हणजे लोकेशनप्रोव्हायडरएडीएमची जोडी आणि विनस्टोअरयूआयची जोडी बाहेर, नव्या जोड्या आत. चौकटीत ज्या फाइलीचं नाव असतं तीच दोषी, असा समज करून घेऊ नका. लोकेशनच्या बाबतीत चौकट बहुधा नव्या फाइलीचं नाव सांगते आणि हलवायची असते जुनी.

याच चुकीची दुसरी वाट म्हणजे स्टोअरमध्ये बॅकअप ठेवणं. क्रोम.एडीएमएक्सची 'क्रोम - कॉपी.एडीएमएक्स' अशी प्रत त्याच फोल्डरात राहिली की एडिटर तीही वाचतो. बॅकअप नेहमी बाहेर.

'डीटीडी इज प्रोहिबिटेड'

पार्स करताना, म्हणजे फाइल वाचून उलगडताना, एरर आला आणि डीटीडी इज प्रोहिबिटेड असं दिसलं, तर ती फाइल एडीएमएक्स नाहीच. गिटहबसारख्या ठिकाणाहून फाइल घेताना लिंकवर राइट क्लिक करून 'सेव्ह' केलं की फाइलीऐवजी ते वेब पान सेव्ह होतं, नुसतं नाव एडीएमएक्स. नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसेल. 'रॉ' बटणाने किंवा पूर्ण झिप घेऊन फाइल पुन्हा उतरवा.

स्टोअर नव्याने बांधणं

एकेका एररमागे पळण्यापेक्षा मला विचाराल तर स्टोअर पहिल्यापासून बांधा. तासाभराचं काम आहे आणि वरचे बहुतेक सगळे एरर एका फटक्यात जातात.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्याकडच्या सर्वांत नव्या विंडोज आवृत्तीचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेटचं पॅकेज उतरवा. काही मशीन अजून विंडोज १० वर असल्या तरी विंडोज ११ चा संच घ्या. जुन्या सेटिंग्ज बहुतांश त्यातही असतात, आणि प्रत्येक सेटिंगच्या 'सपोर्टेड ऑन' रकान्यात ती कोणत्या विंडोजला लागू आहे ते लिहिलेलं असतं. इन्स्टॉल केल्यावर फाइली प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मधल्या 'मायक्रोसॉफ्ट ग्रुप पॉलिसी' या फोल्डरात उतरतात. तिथून पॉलिसीडेफिनिशन्स उचला.

सिसव्हॉलच्या पॉलिसीज फोल्डरात नवं फोल्डर करा, नाव पॉलिसीडेफिनिशन्स-नवं असं काहीही. त्यात नव्या एडीएमएक्स आणि फक्त ईएन-यूएस. मग तुम्ही वापरता ती बाहेरची टेम्प्लेटं : क्रोम, एज, फायरफॉक्स, ऑफिस, जे असेल ते. तीही जुन्या स्टोअरमधून न उचलता त्या त्या कंपनीच्या साइटवरून ताजी घ्या. कोणती लागतात ते ठरवण्यासाठी जुन्या स्टोअरच्या फाइलींची यादी समोर ठेवा आणि विंडोजच्या नव्या संचात नसलेली नावं शोधा. सगळं भरलं की जुन्या फोल्डरचं नाव बदलून पॉलिसीडेफिनिशन्स-जुनं करा आणि नव्याला पॉलिसीडेफिनिशन्स हे नाव द्या. काही बिनसलं तर नावं उलटी केली की क्षणात पूर्ववत.

मग एडिटर उघडून कॉम्प्युटर आणि यूजर दोन्हींची टेम्प्लेटं पाहा. एकही चौकट यायला नको.

दोन ऑफिसं, दोन सर्व्हर

सोलापुरात ही मांडणी नेहमीची : हेड ऑफिस नवी पेठेत, कारखाना एमआयडीसीत, दोन्हीकडे एकेक डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर), मध्ये इंटरनेटवरची लिंक. इथे टेम्प्लेटचा एक फसवा एरर येतो. कारखान्यात बसून तुम्ही डोमेनच्या नावाने सिसव्हॉल उघडता. ते बहुधा कारखान्याच्याच सर्व्हरवर उघडतं आणि फाइली तिथे पडतात. पण ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट स्वतःहून 'पीडीसी एम्युलेटर' ही भूमिका असलेल्या सर्व्हरला जोडतं, आणि तो नवी पेठेत आहे. फाइली तिकडे पोचेपर्यंत तुमच्या फाइली वेगळ्या आणि एडिटर वाचतोय त्या वेगळ्या. अर्ध्या पोचल्या असतील तर जोड्या फुटलेल्या, आणि चौकटींचा पाऊस.

म्हणून टेम्प्लेटं बदलताना फोल्डर सर्व्हरच्या नावाने उघडा, डोमेनच्या नावाने नाही. सर्व्हर तोच निवडा ज्याला एडिटर जोडलाय. मग दुसऱ्या सर्व्हरच्या फोल्डरातल्या फाइलींची संख्या आणि तारखा जुळेपर्यंत थांबा.

तास-दोन तासांत जुळल्या नाहीत तर सिसव्हॉलची नक्कल (एका सर्व्हरवरच्या फाइली आपोआप दुसऱ्यावर पोचणं) अडकलीय. उन्हाळ्यात लाइट जाते, यूपीएसची बॅटरी दमलेली असते, सर्व्हर धाडकन बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डीएफएस रेप्लिकेशन'चा लॉग उघडा. २२१३ ही नोंद असेल तर सर्व्हर नीट बंद न झाल्यामुळे नक्कल थांबलीय. पुन्हा सुरू करायचा आदेश त्या नोंदीतच लिहिलेला असतो. तो चालवण्याआधी सिसव्हॉलची प्रत घ्या. ४०१२ असेल तर प्रकरण मोठं आहे. तो सर्व्हर ६० दिवसांच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त काळ नक्कल न करता राहिलाय आणि त्याच्याकडचा माल शिळा समजून त्याला बाजूला ठेवलंय. इथे एकट्याने प्रयोग करू नका, अनुभवी माणसाला शेजारी बसवा. चुकीच्या सर्व्हरला खरा मानलं तर जुन्या पॉलिसी नव्यांवर बसतात. आणि यूपीएसच्या बॅटरीचा खर्च मालकांपुढे त्याच आठवड्यात मांडा.

टेम्प्लेट ठीक आहे, पण मशीनवर पॉलिसी येत नाही

आता तो दुसरा प्रकार. पॉलिसी मशीनांवर आपोआप दर ९० मिनिटांनी ताजी होते, वर शून्य ते ३० मिनिटांचा फरक. थांबायचं नसेल तर त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून जीपीअपडेट /फोर्स द्या. मग जीपीरिझल्ट /एच आणि पुढे फाइलीचं नाव देऊन रिपोर्ट काढा. ब्राउझरमध्ये उघडा. 'डिनाइड' खाली तुमची पॉलिसी दिसली तर शेजारी कारणही लिहिलेलं असतं.

पॉलिसी यादीतच नसेल किंवा जीपीअपडेटच पडत असेल, तर सर्वांत आधी आयपीकॉन्फिग /ऑल देऊन डीएनएस बघा. नेट हळू चालतंय म्हणून कोणीतरी मशीनला ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) किंवा राउटरचा पत्ता घातलेला असतो. डोमेनच्या मशीनला डीएनएस म्हणून डोमेन कंट्रोलरच हवा, बाहेरचा डीएनएस तुमचा सर्व्हर कुठे आहे ते सांगू शकत नाही. त्यानंतर घड्याळ. सर्व्हर आणि मशीनच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉसची (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) ओळखपत्रं नाकारली जातात. जुन्या मशीनचा सीमॉस सेल संपला की रोज सकाळी तारीख मागे जाते आणि तक्रार येते, "काल चालत होतं की!" सेल बदला, काम संपलं.

सिस्टीम लॉगमध्ये १०५८ दिसलं तर मशीनला सिसव्हॉलमधली जीपीटी.आयएनआय वाचता आली नाही. त्याच मशीनवरून तो मार्ग हाताने उघडून बघा. ११२९ म्हणजे डोमेन कंट्रोलरपर्यंत नेटवर्कच पोचलं नाही. १०९६ म्हणजे रजिस्ट्री.पॉल वाचताना अडखळलं. या नोंदीत पॉलिसीचं नाव नीट वाचा. ती 'लोकल' असेल तर त्या एका मशीनवर विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या ग्रुपपॉलिसी फोल्डरात, मशीन या उपफोल्डरातली रजिस्ट्री.पॉल खराब झालीय. तिचं नाव बदला, जीपीअपडेट /फोर्स द्या. डोमेनच्या सेटिंग्ज पुन्हा येतात. त्या मशीनवर कोणी हाताने केलेल्या स्थानिक सेटिंग्ज मात्र जातील, त्या आधी विचारून घ्या.

एक जुनं पण अजून फसवणारं कारण. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून यूजरची पॉलिसीसुद्धा मशीनच्या ओळखीने वाचली जाते. सिक्युरिटी फिल्टरिंगमधून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' काढून फक्त अकाउंट्सचा ग्रुप ठेवला असेल, तर 'डेलिगेशन' टॅबमध्ये 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला निदान 'रीड' द्या. नाहीतर पॉलिसी लागतच नाही आणि एररही धड दिसत नाही.

'एक्स्ट्रा रजिस्ट्री सेटिंग्ज'

स्टोअर नव्याने बांधल्यावर एखाद्या पॉलिसीच्या रिपोर्टमध्ये हा मथळा दिसेल, खाली रजिस्ट्रीच्या कच्च्या नोंदी. त्या सेटिंगचं टेम्प्लेट आता स्टोअरमध्ये नाही, पण सेटिंग रजिस्ट्री.पॉलमध्ये आहे आणि मशीनांवर चालूच आहे. वर सांगितलेली रजिस्टरची गोष्ट इथे समोर दिसते. बाहेरचं एखादं टेम्प्लेट विसरलं असेल तर ते आणून टाका, मथळा जाईल.

नव्या संचातून ती सेटिंगच काढलेली असेल आणि तुम्हालाही ती नको असेल, तर एडिटरमधून ती बदलता येणार नाही. जुन्या प्रतीतली ती जोडी तेवढ्यापुरती स्टोअरमध्ये आणा. त्याच नावाची नवी जोडी तिथे असेल तर ती तोवर बाहेर ठेवा. सेटिंग 'नॉट कॉन्फिगर्ड' करून जोडी परत बाहेर काढा, नवी जागेवर ठेवा. किंवा पॉवरशेलमध्ये रिमूव्ह-जीपीरजिस्ट्रीव्हॅल्यू वापरा, पॉलिसीचं नाव, की आणि व्हॅल्यू रिपोर्टमध्ये दिसतात तशाच द्या. कीचं स्पेलिंग टाइप करू नका, रिपोर्टमधून कॉपी करा. मग रिपोर्ट पुन्हा काढा, नवी पेठेतल्या एका आणि कारखान्यातल्या एका मशीनवर जीपीअपडेट देऊन दोन्हीकडचा जीपीरिझल्ट जुळतो का ते बघा, आणि तोवर पॉलिसीडेफिनिशन्स-जुनं हे फोल्डर जागेवरून हलवू नका.